पौलसचा निळा वाफा

पौलसला स्वस्थ बसलेला मी पहिल्या आठ महिन्यांत एकदाही पाहिला नाही. जेवायचा तोही उभ्याने, भाकरी तळहातावर घेऊन, अंगणात येरझारा घालत. प्रार्थनेला सगळी मंडळी डोळे मिटून बसायची आणि हा मागच्या दाराशी उभा राहून चौकटीचा सैल खिळा बोटाने हलवत राहायचा. असल्या माणसाला मिशनच्या बाईंनी बागेच्या कामावर ठेवलं तेव्हा मी तोंडावर बोललो होतो, की बाई, याला रेल्वेच्या डब्याला जुंपा, बागेत नको. बाई हसल्या. त्यांना माझ्या बोलण्याची सवय होती.

मी भटू, म्हसावदचा. माझे भाऊ शेतीत राहिले. मला चार बुकं बरी आली म्हणून मी नवापूरच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर म्हणून चिकटलो. हिंदू असून मिशनात काय करतोस, असं गावाकडे विचारायचे. मी म्हणायचो, बाटल्यांना जात नसते. माझा स्वभाव तिखट आहे, हे मी कबूल करतो. पण पौलसच्या बाबतीत जे घडलं त्यात माझ्या तिखटपणाचा काही भाग नाही. असता तर बरं झालं असतं.

तो आला १९२४ च्या दसऱ्याच्या सुमारास. बायको धनीबाई, कडेवर रूपी नावाची पोरगी, डोक्यावर जातं. हो, जातं. दोन्ही दगड एकावर एक बांधून धनीबाईने डोंगराकडच्या माहेरापासून डोक्यावर आणले होते. घरात त्यांची बोली मावची, पण पौलसने आमच्या तापीकाठी वर्षाच्या बोलीने शेतांवर सालदारक्या केलेल्या, त्यामुळे माझ्याशी दोघं अहिराणीतच बोलायची आणि मला दादा म्हणायची. बाईंनी त्यांना बंगल्यामागची कौलारू खोली दिली. धनीबाईने त्याच दिवशी कोपऱ्यात खड्डा खणून जात्याचा खालचा दगड मातीत रोवून टाकला. मग दवाखान्याच्या पायरीशी येऊन मला सांगितलं.

"दादा, सहा वरीसमा नऊ गाव व्हयनात. हाऊ माणूस कोठेच टिकस नही. आते मी जातं रोवं शे. हाई काम सुटनं, तर मी रूपीले लिसन मायबापकडे जासू. मंग त्यानासंगे कथीच जावाव नही."

ती चिडून बोलत नव्हती, रडतही नव्हती. म्हणून मला ते खरं वाटलं. नऊ गावं म्हणजे म्हसावद आलं, ब्राह्मणपुरी आलं, जंगलातली लाकूडतोड आली, रेल्वेच्या गँगमधलं काम आलं. कुठे कोणाशी भांडण नाही, चोरी नाही, दारू नाही. एका सकाळी उठायचा आणि चालायला लागायचा, एवढंच.

आता बाईंबद्दल. एल्साबाई थंड मुलखातल्या. नर्सिंग शिकून आलेल्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या. दवाखान्याच्या ओसरीवर सकाळपासून पेशंट बसायचे आणि त्यांच्यासमोर असायचं भाजून निघणारं अंगण. कडेला कण्हेर, मध्ये झेंडू. सगळं लाल नाहीतर पिवळं. बाईंना ते सोसत नसे. तापाने फणफणलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आणखी आग कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आईला पत्र लिहून बियांच्या तीन पुड्या मागवल्या. तिन्ही साल्व्हिया नावाच्या फुलझाडाच्या, तिन्ही निळ्या. एका पुडीवर उंच, गडद निळ्या तुऱ्यांचं चित्र होतं. दुसरीवर असं टपोरं आभाळी फूल, की मलाही ते आवडलं. तिसरीवरचं चित्र अगदीच किरकोळ, बारीक तुरे आणि पीठ सांडल्यासारख्या पांढुरक्या दांड्या. बाईंनी ती बाजूला सारली आणि आधी पहिली पुडी पौलसच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी बागेत गेलो तर हा शेणाचा काला करून त्यात दोन्ही हातांनी काहीतरी चोळत बसलेला. बसलेला म्हणजे उकिडवा, एक पाय हलता.

"पौलस, हाई काय करी ऱ्हायना?"

"बी पेरानं शे ना, दादा. सरकी अशीच चोळतस. तुन्हाच गावमा शिकनू मी."

आमच्याकडे कापसाच्या सरकीला तंतू असतात, ती एकमेकींत अडकते, म्हणून पेरणीआधी ती शेणामातीत चोळून मोकळी करतात. ते बरोबरच आहे. पण साल्व्हियाचं बी सब्जाच्या जातीचं. पाणी लागलं की फुगतं आणि बुळबुळीत होतं. पौलसच्या हातात शेण आणि बी यांचा एक गोळा तयार झाला होता. त्यातून एकही बी सुटं होईना. मी पोट धरून हसलो. तो हसला नाही. त्याने तो गोळा तसाच वाफ्यात पुरला, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, रोज सकाळी उकरून पाहिला. पाचव्या दिवशी त्याला बुरशी आली.

बाई रागावल्या नाहीत. दुसरी पुडी त्यांनी स्वतः पेरून दाखवली. मातीवर बी नुसतं भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही, फडक्याने ओल धरायची. हिवाळाभर ती रोपं अशी तरारली की बाई रोज दोनदा पाहून जायच्या. फेब्रुवारीत ती आभाळी फुलं आलीही. होळी जवळ आली, पश्चिमेकडून कोरडा वारा सुटला, आणि आठ दिवसांत सगळी रोपं काळी पडून आडवी झाली. पौलस रोज त्यांच्या भोवती घागरी ओतत होता. बाई म्हणाल्या, "हे फूल थंड देशाचे आहे. ही माझी चूक आहे, पौलस, तुझी नाही." त्याने ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

पण इथे मला त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. बाजूला सारलेली तिसरी पुडी त्याने कोणाला न सांगता डिसेंबरातच पेरली होती, फुटक्या परातीत, मुरमाड मातीत. अकरा रोपं होती. मी विचारलं, हेच का रे पेरलंस? त्याने एक पान खुडून चुरगाळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. उग्र वास.

"देख ना, दादा. पान लहान शे, भुरकं शे. डोंगरवर उन्हाळामा जे जगस ना, त्यानं पान असंच ऱ्हास."

बरोबर होतं त्याचं. वाफ्यातली काळी चिकट माती त्याने कमरेइतकी उकरून काढली, कारण ती पाणी धरून ठेवते आणि या झाडाच्या मुळ्या त्यात कुजतात. तिथे मुरूम, बारीक खडी आणि थोडं जुनं शेणखत घालून वाफा उंच केला. जागाही अशी निवडली की दुपारनंतर निंबाची सावली यावी. माळ्याची अक्कल त्याच्यात होती. नव्हती ती फक्त गोष्ट तशीच राहू देण्याची. महिन्याभरात त्याने ती अकरा रोपं तीनदा उपटून जागा बदलून लावली, एकदा उन्हासाठी, एकदा वाऱ्यासाठी, तिसऱ्यांदा का ते त्यालाही सांगता आलं नाही.

एप्रिलात बाई उन्हाळ्यापुरत्या थंड हवेच्या गावी निघाल्या. जाण्याआधी त्यांनी वाफ्याशी उभं राहून सांगितलं. मी होतो, धनीबाई होती.

"जून महिन्यात मी परत येईन. ह्या वाफ्यात निळे फूल दिसले तर पौलस कायमचा. नाही दिसले तर मी धुळ्याहून माळी आणीन, आणि मग खोली त्याला द्यावी लागेल. मला वाईट वाटेल, पण मी तसे करीन."

बाई गेल्या. आवारात मी वरचा माणूस उरलो, आणि पौलसला उन्हाळा झोंबला.

आमच्याकडचा मे महिना मी वर्णन करत बसत नाही. दुपारी बारा वाजता दवाखान्याच्या कडीला हात लावला की फोड यायचा. त्या उन्हात ही रोपं पानं पाडून माना टाकायची. टाकणारच. झाड अशा वेळी अंग चोरतं, आणि ऊन उतरलं की पुन्हा उभं राहतं. पण पौलसला ते बघवत नसे. बारा वाजता मान पडली की हा विहिरीवरून बादली घेऊन धावायचा. तापलेल्या मातीत भर दुपारी पाणी. आठ दिवसांत अकराची सहा झाली. जी मेली त्यांच्या मुळ्या मी पाहिल्या, तपकिरी आणि मऊ.

एका सकाळी मी धनीबाईला खोलीसमोर रूपीचे कपडे पाटीत भरताना पाहिलं. नंतर तिने ते पुन्हा काढून दोरीवर टाकले.

त्या दिवशी बारा वाजता पौलस बादली घेऊन निघाला तेव्हा मी औषधाची खिडकी बंद करून उन्हात गेलो आणि त्याच्यापुढे आडवा उभा राहिलो.

"बादली खाले ठेव."

"दादा, त्या मरी ऱ्हायन्यात."

"मरत नही! संध्याकायले उठतीन. हात लावू नको त्यास्ले. निजू दे."

तो थांबला. बादली हातातच होती आणि पाणी हिंदकळून त्याच्या पायावर पडत होतं. माझ्याकडे त्याने असं पाहिलं की मला वाटलं आता मारतो.

"पयलेबी तू हाईच सांगं व्हतं, दादा."

"कवय?"

"मानमोडीना सालले. मन्हा पोऱ्या नारसिंगले लिसन मी आठेच उनथू. हाईच ओसरीवर. तू त्याना कपायले हात लावा, आन बोलना, हात लावू नको, निजू दे, उठी तो. मी दुपारलगून बठी ऱ्हायनू. हात नही लावा. तो उठनाच नही."

मानमोडी म्हणजे १९१८ ची ती तापाची साथ. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. बाई स्वतः तापाने पडलेल्या, दवाखान्यात मी एकटा. डोंगरातून माणसं पाठकुळी माणसं घेऊन येत होती. ओसरी भरली, अंगण भरलं, निंबाखाली जागा उरली नाही. आठ-दहा दिवस मी झोपलो नव्हतो. मी किती जणांना काय काय सांगितलं, ते मला आठवत नाही.

आणि हे लिहिताना मला लाज वाटते, पण पौलसही आठवत नव्हता, आणि ते पोरही नाही. तो मात्र आठ महिने रोज माझ्यासमोर वावरत होता, मला ओळखून होता आणि दादा म्हणत होता.

मी निंबाच्या सावलीत खाली बसलो. थोड्या वेळाने तोही बसला. धनीबाई कधी आली ते कळलं नाही, पण तिने बादली उचलून नेली. पौलसने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले. समोर सहा रोपं माना टाकून उभी, आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे पाहतोय. एक वाजला, दोन वाजले. ओसरीवर कोणी म्हातारी आली, मी तिला थांबायला सांगितलं. पौलसचा गुडघा सारखा हलत होता. मध्येच तो अर्धा उठायचा आणि पुन्हा बसायचा. मला त्याच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. ही झाडं आज उठली नाहीत तर मी या माणसाला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

साडेपाचला ऊन निंबाच्या मागे उतरलं. पहिल्यांदा कडेच्या रोपाचं वरचं पान ताठ झालं. मग खालची. सहाच्या सुमारास सगळी सहा उभी होती, जशी सकाळी होती तशी. पौलसने हात लावला नाही. तो फक्त पाहत होता, आणि मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो हमसून रडायला लागला. मी उठून दवाखान्यात गेलो. मला तिथे थांबण्याचा हक्क नव्हता असं वाटलं.

त्यानंतर पाण्याची घागर धनीबाईने आपल्या ताब्यात घेतली. दर चौथ्या दिवशी एकदा, तेही उजाडताना, बुंध्याशी, पानांवर नाही. बारा वाजले की ती पौलसला आवाराबाहेर हाकलायची. तो रंगावलीच्या पात्रातून रेल्वेच्या पुलापर्यंत चालत जायचा आणि ऊन उतरल्यावर परत यायचा. रोज तो परत येईपर्यंत ती भाकरी थापायला घेत नसे. आला की तवा चढायचा.

बाईंनी लिहून ठेवलं होतं, की शेंडे एक तृतीयांश छाटावेत म्हणजे तुरे फुटतात. आता मजा अशी, की पौलस छाटायला तयार होईना. जो माणूस दिवसातून दहादा मुळं उकरायचा तो कोयता मागे लपवून उभा. शेवटी धनीबाईने त्याच्या हातातून कोयता हिसकावला आणि भाजी चिरावी तसे सपासप शेंडे छाटले. मेच्या शेवटी प्रत्येक रोपाला चार-पाच नव्या दांड्या आल्या, पीठ माखलेल्या, आणि त्यांच्यावर निळं. तेल संपत आलेल्या दिव्यासारखी किरकोळ फुलं ती, एकेक पाहिली तर काहीच नाहीत. पण पांढऱ्या उन्हात तो सहा रोपांचा निळा पट्टा पाहिला की डोळे खरंच निवायचे. ओसरीवरची माणसं त्याच्याकडे तोंड करून बसायला लागली. डोंगरातली ठकुबाई म्हणून एक म्हातारी होती, तिने मला विचारलं, याची भाजी होते का? मी म्हटलं, नाही होत. मग कशाला लावलं, म्हणाली, आणि तासभर तिथेच पाहत बसली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाई परतल्या. स्टेशनवरून आल्या त्या सामान तसंच टाकून वाफ्याशी गेल्या, डोक्यावरची टोपी काढली आणि वाकून फुलं पाहिली.

"पौलस," त्या म्हणाल्या, "तू कायमचा."

धनीबाईने तोंडावर पदर धरला. पौलस म्हणाला, "सकाळी सांगस, बाई."

धनीबाईच्या हातातला पदर खाली आला. मला तर त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. कायमचं म्हणतात तर हा म्हणतो सकाळी सांगतो! पण तो कोणाकडे न बघता निघून गेला.

दिवेलागणीला मी बाटल्या पुसून कपाटात लावत होतो तेव्हा तो आला. दारात उभा राहिला. खिळा नाही, चौकट नाही, हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबलेले.

"दादा, एक इचारू?"

"इचार."

"त्या दिनले मी काही करता, त्याले उठाडता, पानी पाजता, रेल्वेमा टाकीसन सुरतले लई जाता, तर तो जगता का?"

आठ महिने नव्हे, सात वर्षं हा माणूस हेच विचारत हिंडत होता, हे मला त्या क्षणी कळलं. नऊ गावं त्याने याच्यासाठी तुडवली होती. धीराचं काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. देवाची मर्जी म्हणता आलं असतं. मिशनात ते चालतं. पण मला त्याला मोकळं करायचं होतं. खरं सांगितलं की सुटेल, असं मला वाटलं.

"नही, पौलस. तू काहीबी करता तरी तो जगता नही. त्याना कपायले हात लावा तवयच माले समजनं व्हतं. आन मन्हापाशी औषधच नव्हतं. कुनैन सरी गयथं. मी बाटलीमा रंगीत पानी भरीसन देत व्हतू. जेले तेले निजू दे सांगत व्हतू. दुसरं काय सांगतू?"

मला वाटलं, त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरतंय. मी कपाटाचं दार लावलं.

"तुले समजनं व्हतं?"

"हा."

"मंग तवयच का बरं नही सांगं, हाऊ जाई म्हनीसन?" त्याचा आवाज चढला नव्हता. "मी त्याले मांडीवर लेता. तो गया तवय भुईवर व्हता. बाजूले मी बठेल. मी त्याले मांडीवर नही लिधा, दादा. तू हात लावू नको सांगं व्हतं."

चाळीस माणसं रांगेत होती असं सांगू? मी पंचवीस वर्षांचा होतो असं सांगू? मी फडक्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. तो गेला.

रात्रभर मी कान देऊन होतो, की खोलीचं दार वाजतं का, तिघांची पावलं रस्त्याला लागतात का. वाजलं नाही. सकाळी तो बाईंपुढे जाऊन राहतो म्हणाला, आणि राहिला. धनीबाईची दुसरी मुलगी तिथेच जन्मली, रूपीचं लग्न तिथूनच झालं. वाफ्याचे चार वाफे झाले, बी धुळ्यापर्यंत गेलं. दुपारी निंबाखाली तो मांडी घालून स्वस्थ बसलेला दिसायचा. नवी माणसं म्हणायची, किती शांत माळी आहे.

माझ्याशी तो कधी वाकडं वागला नाही. वाटेत भेटला की थांबायचा, हात जोडायचा, पोराबाळांची चौकशी करायचा. एकोणीस वर्षं आम्ही एका आवारात राहिलो, आणि त्या संध्याकाळनंतर त्याने मला दादा म्हटलं नाही. कंपाउंडरसाहेब म्हणायचा.